मामाचा नंबर

आमच्या मामाला दुसऱ्याच्या डोळ्यांतलं सगळं दिसतं. तीस वर्षं तो स्वतःच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतोय. मागे एक छोटी अंधारी खोली आहे. तिथे गिऱ्हाईक खुर्चीत, मामा स्टुलावर आणि समोर अक्षरांचा पेटलेला तक्ता. एकेक काच बदलत मामा विचारतो, "हे बरं की आधीचं?" मी त्याची भाची. पुढे काउंटरवर फ्रेमी विकते आणि दिवसभर त्याचं ज्ञान ऐकते.

ज्ञान ठरलेलं. नंबर वाढला की माणसं मामानेच तो वाढवल्यासारखी तोंडं करतात. मग मामा म्हणतो, "डोळे गेले नाहीत, नंबर बदललाय. एवढंच." आणि नंबर जाईल या आशेने चष्मा पर्समध्ये ठेवणारी कुणी सापडली, की त्याला चेव येतो. "नंबर काय रुसून निघून जाणार आहे का? चष्मा आहे म्हणून दिसतंय, बाई."

तीन वर्षांपूर्वी मामाला पहिला झटका आला. छाती आवळली, हातांना मुंग्या आल्या, आता संपलंच असं वाटलं. हृदयाचं असणार म्हणून सगळे नातेवाईक दवाखान्यात हजर. हृदय ठणठणीत निघालं, तेव्हा मामाच्या साडूभाऊंचा चेहरा जरा पडलाच. बिचारे एवढ्या लांबून आले होते. डॉक्टरबाईंनी सांगितलं, हा पॅनिक अटॅक, चिंतेचा आजार, रोज एक गोळी घ्यायची. हृदय म्हटलं असतं तर लोकांनी फळं आणली असती. चिंता म्हटल्यावर सल्ले आणले. साडूभाऊ म्हणाले, "मन खंबीर करायचं." मावशी म्हणाली, "विचारच करू नकोस." सांगणारे झाडून सगळे चष्मेवाले. मन खंबीर करा आणि लांबची पाटी वाचा, असं त्यांना कुणी कधी म्हटलेलं नाही.

गोळीने मामा सावरला. अडीच वर्षं खोली, तक्ता, ज्ञान, सगळं सुरळीत. मग झटके परत आले. आधी रांगेत, मग जेवताना, आणि एका सकाळी थेट तपासणीच्या खोलीत. एक निवृत्त शिक्षिका खुर्चीत होत्या. "हे बरं की" म्हणून मामा जो थांबला तो थांबलाच. बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला होता. आत बाई काचा लावून तशाच बसलेल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी उत्तर द्यायचंय का?"

त्या दिवसापासून मामा त्या खोलीत जाईना. फ्रेमी पुसायचा, पुसून झालेल्या पुन्हा पुसायचा. मी गिऱ्हाइकांना मशीन बिघडल्याचं सांगायचे. मशीन ठीक होतं. बाकी काही ठीक नव्हतं, कारण डोळे तपासणं सुटलं तर या माणसाकडे उरतं काय, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

आठवड्याने मी खणात फडकं शोधत होते. चष्म्याची एक डबी उघडली तर आत गोळ्यांचे अर्धे तुकडे, चांगले चाळीसेक. अगदी बरोबर मधोमध कापलेले. कापण्यात मामाचा हात धरणारं कुणी नाही.

"हे काय?"

"बरं वाटत होतं गं," मामा म्हणाला. "म्हटलं, नंबर उतरला असेल. अर्धीच घ्यायला लागलो. उरलेली अर्धी इथे, तुझी मामी पाकिटातल्या गोळ्या मोजते म्हणून."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. "पर्समध्ये चष्मा ठेवणारी ती बाई तूच," मी म्हटलं. मामा हसला नाही. "एकदा साडूभाऊंना सांगायचं होतं, की माझी गोळी सुटली," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "दुकान बंद करू या का?" मला भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी त्याला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगलं फैलावर घेतलं असतं तर मला आवडलं असतं. म्हणाल्या, "आधी पुन्हा अख्खी. दोन आठवड्यांनी दीड. फरक पडायला वेळ लागेल. मधे पोट बिघडेल, झोप उडेल, तरी आपल्या मनाने थांबायचं नाही."

"वाढवायची म्हणजे मी आणखी बिघडलो ना?"

"माझा नंबर मागच्या वर्षी तुम्हीच वाढवलात," बाई स्वतःच्या चष्म्याला हात लावत म्हणाल्या. "तेव्हा मला काय म्हणाला होतात?"

मग मामीच म्हणाली, तीस वर्षं ऐकून कंटाळलेल्या आवाजात, "डोळे गेले नाहीत, नंबर बदललाय. एवढंच."

पुढचे काही आठवडे पोट बिघडलं, झोप उडाली, आणि सुधारणा म्हणाल तर शून्य. साडूभाऊंचा फोन आला. "वाढवली म्हणे? सवय लागेल हं." मी म्हटलं, "काका, तुमचा चष्मा चार दिवस काढून ठेवा ना, सवय लागली असेल." फोन लवकर आटोपला.

सहाव्या आठवड्यात त्या शिक्षिका पुन्हा आल्या. मामा उठला, खोलीत गेला. दार मात्र उघडंच ठेवलं, म्हणून तक्ता फिका दिसत होता, पण बाईंनी तक्रार केली नाही. मधे दोनदा मामा थांबला. मी काउंटरला घट्ट धरून उभी होते. मग त्याचा आवाज आला, "हे बरं की आधीचं?"

संध्याकाळी मी बाईंचं कार्ड पेटीत लावायला घेतलं. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असतं. शेजारीच एक नवं कोरं कार्ड होतं, वर मामाचं स्वतःचं नाव. जुना नंबर: एक. नवा नंबर: दीड. पुढची तपासणी: चार आठवड्यांनी. आणि खाली शेऱ्याच्या जागी, तीस वर्षं तो प्रत्येकाच्या कार्डावर लिहीत आला तेच दोन शब्द: सतत वापरणे.