वहिनींची पणजी

दादाचा फोन आला तेव्हा मी फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नच्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते. नीलमवहिनी गेल्या. एर्लांगेनच्या इस्पितळात दहा दिवस होत्या, तरी असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रडू यायच्या आधी मी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला, ‘अंदमानातील स्वातंत्र्यसैनिकाची पणती आपल्यातून...’ पाच मिनिटांत माझ्या भाचीचा, वहिनींच्या पंधरा वर्षांच्या ईराचा, फोन. “आत्या, दास श्टिम्ट दोख निष्त!” हे खरं नाही, आणि तुला ते माहीत आहे, असं ती जर्मनमध्येच ओरडली. मला माहीत होतं. अठरा वर्षांपासून.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा पुण्यात आईनं विचारलं, “मुलगी कुठली?” पोर्ट ब्लेअर म्हटल्यावर ती एकदम खूश. काळ्या पाण्यावर आपल्या लेखी स्वातंत्र्यसैनिकांखेरीज दुसरं कोण गेलं? आडनाव विचारायचंही आई विसरली, आणि आमच्या घरात हे आक्रीतच! वहिनींनी मात्र पहिल्याच आठवड्यात, बटाटे सोलता सोलता, मला सगळं सांगून टाकलं. पणजी साताऱ्याकडची बालविधवा. मूल झालं, ते तिनं विहिरीत टाकलं. जन्मठेप झाली. तिकडे काही वर्षं काढल्यावर कैदी बाईला कैद्यांतलाच नवरा करायची परवानगी मिळे आणि जोडप्याला जमीनही. तिनं बिहारकडचा एक दरोडेखोर केला, भात लावला, पोरं वाढवली. पुढे कैद्यांची वसाहत मोडली आणि सगळे गावकरी झाले. “आमच्याकडे कुणी कुणाला गुन्हा विचारत नाही,” वहिनी म्हणाल्या, “और छुपाते भी नहीं. सगळे एकाच जहाजातून आलेले ना!”

मी म्हटलं, “वहिनी, हे आईला सांगू नका हं.”

त्यांनी सांगितलं नाही, कारण आईनं विचारलंच नाही. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. फ्रँकफुर्टला पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात निवेदन माझ्याकडे होतं. मी त्यांना क्रांतिकारकाची पणती म्हणून मंचावर बोलावलं. टाळ्या पडल्या. वहिनींनी माईक हातात घेतला. “माझ्या पणजीनं देशासाठी काही केलं नव्हतं. ती...” आणि मी पेटीवाल्याला खूण केली. त्यानं सूर धरला, लोक गाऊ लागले. वहिनी माईक धरून तशाच उभ्या राहिल्या, मग त्याही गायल्या. परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या, “कोर्टानं पणजीला निदान बोलू दिलं होतं गं.” मी काच खाली केली आणि हवा किती छान आहे, असलं काहीतरी बोलले.

मला लाज वाटते. लोक काय म्हणतील याची लाज मला आधीही होती, ही तशी नाही. वहिनींना काहीच लपवायचं नव्हतं. लपवायचं होतं ते मला, आणि त्यासाठी मी त्यांचं माणूस पुसलं.

तेराव्यानंतर मी काही दिवस एर्लांगेनलाच राहिले. सकाळी ईरा दूध तापवायची आणि त्यातलं पहिलं चमचाभर एका वाटीत ओतून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. मांजर तर घरात नाही... मी दादाकडे पाहिलं. “पणजीच्या त्या बाळासाठी,” तो म्हणाला. पणजी रोज ठेवायची, मग आजी, मग नीलमची आई, मग नीलम. शिक्षा संपली, वसाहत संपली, ही वाटी तेवढी कुणी थांबवली नाही. मी इतक्यांदा त्या घरी राहिले, पण माझी उठायची वेळ उशिराची.

काल ईरानं वाटी ठेवली आणि माझ्याशी एरवी जर्मनमध्ये बोलणारी ती पोर चक्क मराठीत म्हणाली, “आत्या, मम्मीच्या पणजीचं नाव काय होतं? मम्मीनं सांगितलं होतं, मी विसरले. बाबाला पण आठवत नाही. तुला माहिती असेल ना?”

मी ते कधी विचारलंच नव्हतं.