वनाभाऊच्या गाया

चाळीसगावात १९९७ साली कुणाची बकरी हरवली किंवा सर्कस आली की लोक वनाभाऊला बोलवत. सायकलरिक्षावर भोंगा बांधायचा आणि दिवसभर घसा फोडायचा, हा त्याचा धंदा. मी शेजारचा फोटोवाला, रुपचंद. आमच्या ग्राहकाला हसवून दात दिसेपर्यंत मी थांबायचो, तोवर हा बाहेरून ओरडून ग्राहकाला दचकवायचा. त्यामुळे माझे बरेचसे फोटो डोळे वटारलेले आहेत.

पण त्याच्या आवाजाचा मला हेवा वाटायचा, हे कबूल करतो. म्हणून त्या हिवाळ्यात तो आवाज चिरका व्हायला लागला तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं. डॉक्टरने इशारा दिला, असंच ओरडत राहिलास तर वर्षभरात आवाज कायमचा जाईल. वना हसत म्हणाला, "मंग मी काय खाऊ, डाक्तरसाहेब? इशारा?"

त्याच सुमारास सरकारने भडगाव रस्त्यावर एक लांबलचक इमारत बांधली. कॉम्प्युटर, व्हिडिओ, छपाई असल्या नव्या धंद्यांसाठी स्वस्त भाड्याचे बारा गाळे, आणि सगळ्यांसाठी मिळून ध्वनिमुद्रणाची एक खोली. एकदा आवाज कॉम्प्युटरात भरला की कॅसेट काढून हवी तितकी वाजवायची. वनाची तर नजरच त्या खोलीवर खिळली. पण अट अशी की मार्चअखेर निम्मे गाळे गेले तरच खोली उघडायची, नाहीतर इमारत खताच्या गोदामाला. मार्च लागला तरी घेणारे चारच. आणखी दोन हवे होते. गावापासून इतक्या लांब कोण येणार, असं मीही ऐटीत म्हणून बसलो होतो. सरकारी इमारतीत कबुतरांची सोय होते, एवढंच मला माहीत होतं.

तेव्हा वनाने इमारत सांभाळणाऱ्या सरकारी साहेबांना सांगितलं, "मी शेवटचं वरडी पाहतो." डॉक्टरचं न ऐकता तो दोन दिवस आसपासच्या खेड्यांतून फिरला. वना आपल्या बोलीत 'ळ'चा 'य' करतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया. शिवाय भाड्याचं नाव काढलं की माणसं पळतात, हा त्याचा जुना अनुभव, म्हणून तेवढं त्याने गाळलं. भोंग्यातून गेलं ते असं:

"सरकारनी भडगाव रोडले नव्या गाया बांध्यात हो! ज्यास्ले जोयजे त्यास्नी सोमवारे या!"

सोमवारी सकाळी मी गंमत बघायला गेलो, तर रस्ता भरलेला. प्रत्येकाच्या हातात दोर. कुणी भुश्शाचं पोतं आणलेलं, एका बाईने तर हळदीकुंकवाचं ताटही. सरकारी योजनेत गाई मिळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. सगळ्यांत पुढे उखर्डू आबा, सोबत सून प्रमिला.

"गाया कोठे शेतस?" आबांनी विचारलं.

साहेबांनी मोठ्या अभिमानाने शटर वर केलं. आत कोरी फरशी. "हे काय, आबा. एकदम नवे!"

आबांनी आत वाकून बघितलं, कोपरेसुद्धा तपासले. "अरे, पन गाया?"

वनाला सगळं उमगलं. समजावायला त्याने तोंड उघडलं, पण दोन दिवसांच्या ओरडण्याने आवाजच निघेना. साहेब तांबडेलाल झाले. शेवटी मीच स्टुलावर चढून खुलासा केला, की या गाया म्हणजे गाळे. आधी ताटवाली बाई हसली आणि मग सगळा जमाव हसत सुटला. आबा मात्र चिडले. "आमी इतला दूरथून उनूत! रिकामा हातथीन जावानं का?"

तेवढ्यात प्रमिला पुढे झाली. माहेरी जळगावला तिने कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि लग्नानंतर ते सगळं चुलीपुढे बसलं होतं. ती सासऱ्यांना हळूच म्हणाली, "मामा, हाई गाया मी सांभाळी लिसू. लग्नपत्रिका छापसू. आते लगनसराई शे."

आबांनी दोराकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "ही चारा तं मांगाव नही?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब नाही म्हणाले. "मंग लिही घ्या प्रमिलानं नाव."

पाच झाले. वना माझ्याकडे बघत होता. बोलत नव्हता, बोलू शकत नव्हता, आणि तेच मला सहन होईना. शिवाय एवढी गर्दी इथे येते हे डोळ्यांनी पाहिलंच होतं. सहावा गाळा मी घेतला.

महिनाभर घसा विसावल्यावर प्रमिलाने वनाला त्या खोलीत माईकपुढे बसवलं. "वनाभाऊ, एकदाव बोला, धीरेच बोला. मंग यंत्र बोली." बाजाराच्या दिवशी रिक्षा निघाली, भोंगा गर्जत होता आणि वना शेजारी बसून शेंगा सोलून खात होता. मी हात केला तर त्याने एक शेंग माझ्याकडे फेकली.

आठवड्याने त्याची बायको यशोदाबाई फोटो न्यायला आली. मी विचारलं, "काय म्हणतात वनाभाऊ?"

"काय सांगू, भाऊ," ती म्हणाली, "इतला वरीस घर येत तं हातवारेच करेत. सारा आवाज बजारमाच सरी जाये. आते घर येतस आनि माले नावथीन हाक मारतस."

आणि पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की मला फोटो काढायचं सुचलंच नाही.