पुंजाजी बसला म्हणजे विमान ठीक

नाव : पुंजाजी नारायण शिंपी. राहणार : मौजे अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड. वय : अदमासे पंचेचाळीस. हुद्दा : हवाई यंत्राचे जबाबदार तपासनीस. हाताखालील यंत्रे : एक. शिक्षण : मराठी तिसरी. पगार : निरंक. कुटुंब : निरंक.

हा कागद १९३१ च्या दिवाळीनंतर चिखलीच्या तहसिलीत दाखल झाला. विमान बाळगणाऱ्यानं त्याच्या मजबुतीबद्दल एका जबाबदार इसमाची सही आणावी, असं तिथल्या कारकुनाचं म्हणणं पडलं. असा इसम कसा असतो हे त्यालाही माहीत नव्हतं. रंगराव देशमुखांनी गावच्या शिंप्याचं नाव लिहून दिलं. कारकुनानं शिक्का मारून दाखला दिला.

रंगराव मुंबईला उडायला शिकले होते आणि येताना जर्मन लढाईतलं एक मोडीत काढलेलं विमान घेऊन आले होते. एकावर एक असे पंख, त्यांच्यामधे तारा, पुढेमागे दोन उघड्या बैठका. लढाईत ते शत्रूच्या खंदकांवर नजर ठेवत असे. अमडापुरात ते कापसाच्या जिनाच्या जुन्या गोदामात मातीच्या भुईवर उभं होतं. इंजिनाला एरंडेल लागे, ते तेल्याच्या घाण्यावरून येई आणि उडताना त्यातलं बरंचसं रंगरावांच्या तोंडावर येई. डाव्या पंखाचं विलायती लाकूड मोडलं तेव्हा निवृत्ती सुतारानं हलकं म्हणून सालईचं बसवलं. वरचं कापड विरलं तेव्हा पुंजाजीनं मांजरपाट शिवला. त्यावर रोगण चढवलं की कापड ढोलासारखं ताणत असे. रोगणाची चव बैलांना लागली, आणि एका बैलानं शेपटीची हातभर बाजू चाटून फस्त केली. तीही पुंजाजीनंच शिवली.

रंगरावांनी मुंबईहून एक रिवाजही आणला होता. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं पहिल्या उड्डाणाला पुढच्या बैठकीत बसायचं, चालवणारा मागच्या. माणूस स्वतःच्या जिवाला जपतो, म्हणजे काम चोख होतं, असा त्यातला हिशोब. निवृत्ती एकदा बसला आणि उतरून सरळ सासुरवाडीला गेला. पुंजाजी मात्र दर वेळी बसे. दर वेळी तोंडावर तीच कळा, पोस्टात टपालाची वाट बघत बसलेल्या माणसाची. गावात बोललं जाऊ लागलं, पुंजाजी बसला म्हणजे विमान ठीक.

पुंजाजीची बायको सत्यभामाबाई आणि दोन पोरी १९१८ च्या तापात एका आठवड्यात गेल्या होत्या. चौथ्या दिवशी तो दुकानात बसला. एका गिऱ्हाइकाची बंडी अर्धी राहिली होती, ती पुरी केली. तेव्हापासून तो तसाच होता. जेवायला बोलावलं तर जेवे, उडायला बोलावलं तर उडे.

एका सोमवारी तो डाव्या पंखाची शेवटची शिवण घालत होता. शिवण मिटली की आतलं लाकूड पुन्हा कुणाला दिसत नसे. बुडाशी सालईच्या दांड्यावर मातीची एक बारीक रेघ चढलेली होती. त्यानं बोट दाबलं. नख आत गेलं. वाळवी. त्यानं बोट लुगड्याच्या चिंधीला पुसलं आणि शिवण मिटवली.

मंगळवारी तो बसला. विमान गावावरून दोन घिरट्या घालून उतरलं. डावीकडे काहीतरी करकरत होतं.

उतरल्यावर रंगराव म्हणाले, "गुरुवारी मायले नेतो. शेगावचं देऊळ वरून पाहाचं म्हणते."

माय म्हणजे मनकर्णाबाई, वय वर्षं साठ. त्या तिथंच खाटेवर बसल्या होत्या.

"मालक," पुंजाजी म्हणाला, "माईले नका बसवू. दांड्याले वाळवी लागली."

"आत्ताच बसून आला ना बे तू?"

"हाव."

"मंग?"

"मले बसायले काही लागत नाही, मालक."

रंगराव हसले. "भेला वाटते आज. इतक्या दिसानं."

पुंजाजी भ्याला नव्हता. ते कसं सांगावं हे त्याला कळेना. त्यानं खिशातून कात्री काढली, पंखाच्या बुडाशी घातली आणि आदल्या दिवशीची शिवण वीतभर उसवली. रंगरावांनी त्याचा दंड धरला तोवर आतून भुरभुर माती सांडली.

मनकर्णाबाई उठून आल्या. त्यांनी आत हात घालून दांडा चाचपला आणि मूठभर भुसा बाहेर काढला.

"हे त पोकळ हाये," त्या म्हणाल्या. "तुले ठाऊक होतं, पुंजाजी?"

"हाव, माई. कालपासून."

"अन् तरी बसला? काऊन?"

"बस म्हटलं, बसलो."

रंगरावांनी पुंजाजीचा दंड सोडला. "म्हणजे मलेही घेऊन चालला होता तू."

पुंजाजीनं विचार केला. मागच्या बैठकीत कुणी असतं हे खरंच होतं.

"ते ध्यानात नाही आलं, मालक," तो म्हणाला.

मनकर्णाबाईंनी हातातला भुसा झटकला आणि खामगावपर्यंत दमणी जुंपायला सांगितली. पुढं शेगावला त्या आगगाडीनं गेल्या. जाताना पुंजाजीला म्हणाल्या, "येतो काय?" तो गेला. दर्शनाच्या रांगेत उभा राहिला, प्रसाद खाल्ला, परत आला. कसं वाटलं, असं कुणीतरी विचारलं. गर्दी होती, म्हणाला.

निवृत्तीनं पंख उतरवून जाळला, कारण वाळवी गोदामभर पसरली असती. चांगलं विलायती लाकूड मिळेपर्यंत थांबायचं ठरलं, आणि ते मिळालं नाही. दाखला रद्द व्हावा म्हणून रंगरावांनी तहसिलीत अर्ज दिला. दाखला देण्याचा नमुना होता, रद्द करण्याचा नव्हता. तेव्हा तो दर साली पुढं चालू राहिला. जबाबदार तपासनीस पुंजाजी नारायण शिंपी यांच्या सहीनं सदरहू यंत्र १९३६ पर्यंत उड्डाणास योग्य होतं.

डावा पंख त्याला नव्हता.