कडीचा शब्द

बुटाची नाडी तो आधी डाव्या पायाची बांधायचा. चुकून उजवी आधी बांधली गेली तर दोन्ही सोडून पुन्हा बसायचा. हातमोजे घालण्याआधी हुंगायचा आणि तोंड वाकडं करायचा, जणू तो वास त्याला आजच कळला. पेनल्टी मारायला कुणी आला की त्याला म्हणायचा, पाणीबिणी पिऊन ये, मी इथेच आहे. सामना हरला की आधी पोटभर जेवायचा, मग बोलायचा. रस्त्यात दोरीचा तुकडा दिसला तर उचलून खिशात टाकायचा. आणि चेंडू गोलपाशी हवेत आला की एकच शब्द ओरडायचा.

“माझा!”

त्याला सगळे कडी म्हणत. तो येण्याआधी कॉलेजच्या संघाला खरा गोलकीपर नव्हताच. ज्याचा पाय दुखत असेल त्याला गोलमध्ये उभं करायचं, ही रीत. सर म्हणायचे, आपलं दार म्हणजे सताड उघडं, येणाऱ्याने फक्त चपला काढायच्या. कडी पहिल्या वर्षाला आला आणि पहिल्याच सामन्यात एकही गोल होऊ दिला नाही. लागली बाबा दाराला कडी एकदाची, असं कुणीतरी म्हणालं. ते नाव असं चिकटलं की पुढे त्याची आईसुद्धा फोनवर सांगायची, कडी अंघोळीला गेलाय.

त्याच्यापुढे, बचावाच्या मधोमध, कवी खेळायचा. कवीने जन्मात कवितेची एक ओळ लिहिली नव्हती. तो साहित्य शिकत होता, एवढाच त्याचा गुन्हा.

कवीला पाठीला डोळे नव्हते, पण कडीचा आवाज होता. “माझा” ऐकू आलं की मान खाली घालून बाजूला व्हायचं. ऐकू नाही आलं तर चेंडू लांब भिरकावायचा. मागे वळून बघायची गरज नाही. कॉलेजची सगळी वर्षं दोघं असेच खेळले. कॅन्टीनमध्ये बशीत शेवटचं बिस्कीट उरलं की कडी तोच शब्द हळूच म्हणायचा, आणि कवीचा हात आपोआप मागे यायचा. अख्खं टेबल हसून लोळायचं. कवीला राग यायचा, पण पुढच्या वेळी हात पुन्हा मागे यायचाच.

हे दोघांचं शेवटचं वर्ष होतं. कॉलेज आजवर उपांत्य फेरीत गेलं नव्हतं. कडीला तिथे पोचायचं होतं. तो तसं बोलला नाही. पण एके दिवशी सराव संपल्यावर तो वरच्या अंगाच्या गोलमागे मांडी घालून बसला आणि फाटकी जाळी विणायला लागला, तेव्हा कवीला कळलं.

जाळी डाव्या कोपऱ्यात फाटली होती, माणूस वाकून आरपार जाईल एवढी. नवीन जाळी पुढच्या वर्षी बघू, असं ऑफिसातून उत्तर आलं होतं. कडीचे वडील वेताच्या खुर्च्या विणून द्यायचे, त्यामुळे गाठी त्याच्या घरातच होत्या. लाकडाची चपटी सुई त्याने स्वतः तासली होती. तिच्यावर दोरी गुंडाळलेली असायची. तो वरून सुरुवात करून एकेक घर खाली उतरत होता.

कवी कंटाळून म्हणाला, “पुरे की. चेंडू काय पळून जातोय?”

“पुढे गेलो तर तो सामना इथेच होणार. पाहुण्यांना फाटकी जाळी दाखवायची?”

“घरमालक असल्यासारखा बोलतोस.”

“मग? माझीच आहे,” कडी म्हणाला, आणि दाताने दोरी तोडली.

त्या हंगामात संघ पहिला सामना हरला आणि मग हरायचंच विसरला. कडी जेवणाआधी बोलायला लागला.

मग त्याला ताप आला. साधा ताप. त्याने कवीला निरोप धाडला की उद्यापरवा येतो, सुई कुणी हलवू नका. आठवड्याच्या आत तो गेला. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. कवीला वाक्य समजलं. अर्थ लागला नाही.

काही दिवसांनी तो कडीच्या घरी गेला. पुढच्या खोलीत खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. बादलीत वेत भिजत होता. वडील खाली बसून एका खुर्चीची बैठक विणत होते. भिजवलेला वेत वाळला तर मोडतो, असं ते कुणी न विचारता म्हणाले. आईने पाणी आणून दिलं. त्याचे हातमोजे घेऊन जा बाबा, साऱ्या घरात वास सुटतो, असं ती म्हणाली. कवी निघाला तेव्हा ती आतून हातमोजे घेऊन आली, दारात उभी राहिली, आणि ते तसेच परत आत घेऊन गेली.

गोलकीपरची जर्सी संघाकडे एकच होती. ती शिडीला मिळाली. शिडी पहिल्या वर्षाचा, व्हॉलीबॉलमधून उचलून आणलेला, उंच आणि लाजाळू. जर्सीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कवी सरांना एवढंच म्हणाला, “तो शब्द नको.”

मैदानावर तोंड डोक्याचं ऐकत नाही रे, असं सर म्हणाले. पण सगळी पोरं कवीकडेच बघत होती. मग ठरलं, शिडीने “सोड” म्हणायचं. शिडीने मान डोलावली. त्याचं “सोड” असं यायचं की जणू परवानगी मागतोय. तरी रडतखडत संघ शेवटच्या सामन्यापर्यंत टिकला. तो घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी उपांत्य फेरी मिळत होती.

कडीचे वडील आले होते. ते आजवर कधी सामना बघायला आले नव्हते. वरच्या गोलमागे, कुंपणाला टेकून ते उभे राहिले.

उत्तरार्धात कवीचा संघ त्याच बाजूला होता. एकही गोल झाला नव्हता. सामना संपत आला होता. उजवीकडून एक चेंडू उंच आला. कवी पाय उचलायच्या बेतात होता, आणि पाठीमागून शिडी सगळा जीव लावून ओरडला.

“माझा!”

आवाज वेगळा होता. शब्द तोच. कवीने मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याने चेंडू पाहिला नाही, ओरडणाऱ्याचं तोंड पाहिलं. शिडीलाही आपण काय बोललो ते कळलं, आणि तो कुणाच्या अंगावर पाय पडावा तसा जागीच थांबला. चेंडूने दोघांच्या मधे टप्पा खाल्ला. समोरच्या संघातल्या एकाने तो नुसता पायाने पुढे ढकलला. चेंडू गोलमध्ये गेला, डाव्या कोपऱ्यातल्या उरलेल्या भोकातून बाहेर पडला आणि घरंगळत कुंपणापाशी थांबला.

थोड्या वेळाने शिट्टी झाली. समोरची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. शिडी खांबाला टेकून बसला होता.

“दादा, चुकून आलं तोंडातून,” तो म्हणाला. “मी म्हणणार नव्हतो.”

कवी त्याच्याशेजारी बसला.

“चेंडू तुझाच होता,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी असाच ओरड. ह्याहून जोरात.”

कडीचे वडील चेंडू घेऊन आले. तो त्यांनी खाली ठेवला आणि ते जाळीपुढे उकिडवे बसले. मुलाने मारलेल्या गाठी बोटांनी चाचपत वरून खाली आले. शेवटची गाठ त्यांनी अंगठ्याने जरा हलवली.

“सैल आहे,” ते म्हणाले. “घाईत होता.”

तुम्ही पुरी करता का, असं कवीने विचारलं. वडिलांनी नकारार्थी मान हलवली. वेत असता तर बघितलं असतं, ही दोरी आपल्या हातची नाही, असं म्हणून ते गुडघ्यावर हात टेकत उठले.

खाली हातभर जाळी राहिली होती. सुई तिथेच लोंबत होती. तिच्यावर दोरी होती, पुरेल एवढी.