सरायवाल्याने लिहायचं तेवढंच

माझा धाकटा भाऊ बस चालवतो. बसमध्ये माणसं कितीही असोत, गाडी कुठे वळवायची ते तोच ठरवणार. घरीही त्याचा तोच खाक्या. पंखा किती जोरात फिरवायचा इथपासून पाहुण्यांनी कधी उठायचं इथपर्यंत सगळं स्वारी ठरवणार. भावजय होती तोवर ती हसण्यावारी न्यायची. ती गेली आणि घरात बापलेक उरले.

माझ्या भाचीला दूरच्या शहरात नोकरी लागली, तेव्हा या शहाण्याने तिच्या ऑफिसला परस्पर फोन करून कळवलं, "ती येणार नाही." भाची ते निस्तरून त्याच आठवड्यात नोकरीवर निघून गेली. तीही बापाच्याच वळणाची.

तेव्हापासून दोन खोल्यांत हा एकटा. सकाळची ड्यूटी आटोपून येतो, टीव्ही लावतो आणि बघत नाही. मी खालच्या मजल्यावर राहते, डबा घेऊन वर गेले की म्हणतो, "ठेव तिथे." पोरीचा फोन आला की आधी हवापाण्याच्या गोष्टी होतात, मग आवाज चढतो, मग फोन बंद. त्यानंतर तो बराच वेळ फोन हातात धरून बसतो. मला बघवत नाही.

एक दिवस तिचा मेसेज आला. "बाबा, फोनवर आपलं भांडणच होतं. माझ्या ग्रुपमध्ये या. आम्ही तिथे लिहून खेळतो."

खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एकाने आपल्या पात्राच्या चार ओळी लिहायच्या, मग दुसऱ्याने. ना चित्रं, ना गुण. नुसती गोष्ट पुढे जाते. भाचीचं पात्र जडीबुटी विकत गावोगाव फिरणारं. कुणी चोर, कुणी शिपाई. खेळ चालवणाऱ्या बाईंना सगळे सूत्रधार म्हणत.

भावाने आधी नाक मुरडलं. मग डेपोतल्या बाकावर बसून, एका बोटाने टाइप करत, वाटसरूंना मुक्कामाला खोली देणारा सरायवाला झाला. मला म्हणाला, "रोज गाडी हाणतो. तिथे तरी एका जागी बसतो."

आणि पहिल्याच दिवशी लिहून मोकळा झाला: "संध्याकाळ झाली. सरायवाल्याने दिवा लावला. जडीबुटीवाली दमून आली, चुकलं म्हणाली, पोटभर जेवली आणि कायमची तिथेच राहिली."

मी आधी खो खो हसले. मग हसू आटलं.

सूत्रधाराने लिहिलं, "काका, तुमच्या पात्राचं तुम्ही लिहा. तिचं ती लिहील. हा इथला पहिला नियम." भाचीने काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. फोनही बंद झाले.

"मी आपली गोष्ट पुढे नेली," तो म्हणाला.

"तुझी नेलीस की तिची?" मी भडकले. "तिच्या ऑफिसलाही असंच कळवलं होतंस!"

डबा तसाच राहिला.

"फोन कर आणि माफी माग," मी म्हटलं.

"फोनवर मी बाप होतो गं, ताई," तो म्हणाला. "लगेच होतो."

त्याने सूत्रधाराला विनवून त्या ओळी पुसून घेतल्या. नव्याने लिहिलं: "सरायवाल्याने एक खोली झाडून ठेवली." तेवढंच. चोर आला, शिपाई आला, हा त्यांना पाणी देत राहिला. रोज ड्यूटीवरून आला की चपलाही न काढता आधी ग्रुप बघायचा. तिचं नाव नसायचं.

परवा दुपारी मी वर गेले तर हा फोन माझ्यापुढे धरून उभा. भाचीने लिहिलं होतं: "जडीबुटीवाली सरायसमोर थांबली. आत आली नाही. बाहेरूनच विचारलं, एका रात्रीपुरती खोली मिळेल का? कडी मात्र मी आतून लावीन."

तो टाइप करू लागला. "ती आत..." बोट थांबलं. पुसलं. पुन्हा "ती" लिहिलं, पुन्हा पुसलं.

शेवटी त्याने लिहिलं: "सरायवाला म्हणाला, मिळेल. आणि तो दारातून बाजूला झाला."

मग फोन टेबलावर ठेवून तो खरोखरच दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.