कॉम्प्युटरसाठी गाऱ्हाणं

"आदीं देवाक विचारुंया," असं म्हणत काका उजवा हात छातीवर ठेवायचे. फ्रिज घ्यायचा असो की झाडावरचा फणस उतरवायचा असो, काकांचं पहिलं वाक्य हेच. गोव्यातल्या साखळीत ते आमचे शेजारी. खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. अशी माणसं तुमच्याही वाड्यावर असतील. त्यांच्यापुढे घाई करून काही उपयोग नसतो.

त्या वेळी मात्र मी घाई केली, कारण प्रश्न काकींचा होता. त्यांना विसरायचा आजार जडला होता, तो इतका की नवऱ्याचं नावही आठवेना. दुपार झाली की गेटपाशी जाऊन "घरा वचूंया" म्हणायच्या. घर म्हणजे कारापूरचं माहेर. त्यावर औषध एकच, कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकामागून एक येणारे माहेरचे जुने फोटो. ते बघत त्या तासन्‌तास शांत बसायच्या. पण अलीकडे फोटो चालू असतानाच पडदाभर सूचना यायची, की ही आवृत्ती जुनी झाली, नवी घाला. माणसं अशी गडप झाली की काकी घाबरून रडायला लागायच्या.

मी म्हटलं, घालून टाकू नवी. काकांनी आधी देवळात मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. तरी यांचा चेहरा उतरलेलाच! सगळे फोटो मी पेन ड्राइव्हवर उतरवून दाखवले, तर म्हणतात, "पूण मशीनच उठलें ना जाल्यार?" मशीन होतं म्हातारं.

बटण दाबण्याआधी त्यांनी की-बोर्डपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आंतलीं माणसां जंयच्या थंय रावंदीत." साथ द्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून "व्हय म्हाराजा" मलाच म्हणावं लागलं. हसू आवरत मी बटण दाबलं.

टक्के वाढत गेले आणि मध्येच अडकले. पडदा काळा झाला, उजळला, परत काळा. "खंय गेलीं तीं सगळीं?" म्हणत काकी उठून थेट गेटकडे निघाल्या. काकांनी त्यांना हाताला धरून आणलं, त्या काळ्या पडद्यापुढे बसवलं आणि फोटो तोंडानेच सांगायला लागले. ही तुझी थोरली बहीण, केसांत माळलेली अबोलीची फांती. हा तुझा बाबा, बैलांना आंघोळ घालतोय. एकही फोटो गाळला नाही. नजर मात्र सारखी माझ्याकडे.

शेवटी मशीन उठलं. पण पडद्यावर कुठले तरी परके, बर्फाचे डोंगर! काका पांढरेफटक पडले. मी घाईघाईने फोटो शोधून चालू केले. बहीण आली, बाबा आला, बैलही आले. काकींनी जरा वेळ बघितलं आणि काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तें नाका," त्या म्हणाल्या. "तूं सांग."

त्यानंतर रोज दुपारी काका सांगायचे आणि काकी ऐकायच्या. कॉम्प्युटर बहुधा बंदच असायचा.

काका गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मुलीने काकींना म्हापशाला नेलं, मोठ्या टीव्हीवर फोटो लावून दिले, पण त्या काही बसेनात. काका कसं सांगायचे ते मीच ऐकलेलं, म्हणून तिने मला बोलावलं. आता रविवारी जातो आणि मला जमेल तसं सांगतो. परवा सगळं ऐकून काकींनी माझा हात थोपटला.

"बरें सांगता तूं," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "पूण तो येतलो न्हय?"

"येतलो," मी म्हटलं, आणि पुढचा फोटो सांगायला घेतला.