मावशीच्या कपबश्या

“साखरेले हात आखडू नोको वं, घरी जाऊन नाव ठेवतील.”

चुलीकडून हा दबका आवाज आला, तेव्हा आमचे साहेब खोलीतल्या खुर्च्या न्याहाळत होते. मुलींच्या शिक्षणाला मदत देणाऱ्या एका संस्थेत मी नुकतीच लागले होते. अर्ज आला की घरी जाऊन परिस्थिती तपासायची. साहेबांनी विचारायचं, मी लिहून घ्यायचं. मंगरूळपीरच्या त्या गल्लीतल्या पायलला नर्सिंगला जायचं होतं. आईवडील दोघंही मजुरीला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाटेवर कोरी चादर, आमच्यापुढे सोनेरी काठाच्या कपबश्या.

चहा पिता पिता साहेबांनी पायलच्या आईला विचारलं, “मटण कधी कधी करता?” मग उठून डब्यांची झाकणं काढून पाहिली. मला इंग्रजीत म्हणाले, मिक्सर आहे, खुर्च्या आहेत, यांना कशाला हवी मदत? घरातली माणसं तेव्हा हात जोडून हसत उभी होती.

पाण्याची बाटली राहिली म्हणून मी परत फिरले, तर एक ठेंगणी बाई तो मिक्सर काखेत घेऊन समोरच्या घरात शिरत होती. वाटेतल्या पोरांना ती बाजूला हो म्हणत होती; आवाजावरून ओळखलं, साखरेची काळजी हिचीच.

“हा तुमचा आहे?”

“माहाच. खुर्च्याबी माह्याच. कोनाकडं पोरगी पाहाले आले का जाते सामान तिथं. घर उघडंबोडकं दिसलं तं कसं व्हईन?”

“पण आम्ही त्यासाठी नव्हतो आलो, मावशी.”

“घर पाह्यलं, पोरीले इचारलं, चहा पेले. अजून काय असते? आता होकार कवा कळवता, ते सांग!”

तिला सगळी गल्लीच मावशी म्हणायची. दालमिलमध्ये डाळ निवडून तिने हे सामान एकेक करून जमवलं होतं, आणि स्वतः मात्र स्टीलच्या पेल्यात चहा प्यायची. एका बाईने कप फोडला आणि रडत आली, तर मावशी म्हणाली, “कप फुटला तं फुटला. पाव्हन्याचं मन तं नाही ना फुटलं? मंग रडतं कायले!” त्या कपबश्यांवर गल्लीतल्या किती मुलींची लग्नं जमली, हे ती नाकातली चमकी उडवत सांगायची. मी पुढे बऱ्याचदा तिच्याकडे गेले. मी फार बोलत नाही. तिला ते चालायचं. “तू बस. बोलाचं काम माहं,” म्हणायची. मावशी आता नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत मी परगावी होते.

सामान उसनं आहे हे त्या पहिल्या भेटीनंतर साहेबांना सांगायचा धीर मला झाला नव्हता. पायलचा अर्ज नामंजूर झाला, ते सांगायला मीच गेले होते. मावशीने विचारलं, “काहून?” मी कारण सांगितलं. ती मटकन उंबऱ्यावर बसली.

“म्हंजे माह्या मिक्सरनं पोरीचं वाटोळं केलं?” मग एकदम उसळली, “गरिबी काय आंगनात वाळू घालाची चीज हाये? का येनाऱ्यानं चिमटीत धरून पाहावं?”

दुसऱ्याच दिवशी दालमिलचा खाडा करून, पायलला घेऊन ती ऑफिसात आली. साहेबांनी बसा म्हटलं नाही.

“साहेब, ते सामान माहं हाये. पोरीच्या घरात काईच नाही. आज चाला, आता चाला, उघडं घर दाखवतो.”

साहेब हसले. “आधी श्रीमंती दाखवायची, मग गरिबी. तुम्हा लोकांना खोटं बोलायची सवयच लागलीय.”

गल्लीभर जिचा आवाज चालायचा, ती मावशी खाली बघत उभी राहिली. पायल तिचा पदर ओढत म्हणत होती, “चाल ना मावशी, चाल.” मी उठले. माझा आवाज ऑफिसभर ऐकू गेला.

“सर, खोटं कुणीच बोललं नाही. आपण तपासायला गेलो होतो आणि त्यांनी आपल्याला पाहुणे समजलं. नामंजूर करायचं तर आपल्याला करा, पायलला नाही.”